आधी पांडवलेणी, मग मिसळ: शरीराच्या सगळ्या संस्था एका सकाळीत कशा समजून घ्यायच्या

माझी भाची आठवीत आहे. मध्ये एकदा ताईकडे गेलो होतो तर ही बया हॉलमध्ये येरझाऱ्या घालत पाठ करत होती, शरीराला ऑक्सिजन पुरवणे व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणे, शरीराला ऑक्सिजन पुरवणे व... मी सहज विचारलं, बरं फुफ्फुसात आलेला ऑक्सिजन पायाच्या अंगठ्यापर्यंत नेतं कोण? तर म्हणे, "मामा, तो पुढचा धडा आहे, त्याची टेस्ट पुढच्या वीकमध्ये."

म्हणजे हिच्या डोक्यात श्वसन एका कप्प्यात, रक्त दुसऱ्या कप्प्यात, पोट तिसऱ्यात, आणि कप्प्यांची एकमेकांशी ओळखच नाही. मी काही डॉक्टर नाही, बीएस्सी करून नंतर भलत्याच धंद्यात पडलेला माणूस आहे, पण तेव्हा ठरवलं की हिला एक रविवार बाहेर काढायचं, आधी नाशिकच्या पांडवलेण्यांवर, म्हणजे टेकडीत कोरलेल्या जुन्या लेण्यांवर, आणि मग मिसळ खायला. आम्ही काय काय केलं ते नीट लिहितोय, तुमच्या घरात पाठांतर करणारं पोरगं असेल तर असंच करून बघा, नाशिकला नसाल तर जवळची कुठलीही टेकडी आणि कुठलाही झणझणीत नाश्ता चालेल.

सामान काही फार लागत नाही. वही, पेन, मोबाईलमधलं स्टॉपवॉच, ३० सेंटीमीटरची पट्टी, एक जाडसर ड्रॉइंग पेपर आणि पाण्याची बाटली. आणि एक नियम, संस्थेचं नाव आधी सांगायचं नाही. आधी शरीर काय करतंय ते पकडायचं, नाव नंतर चिकटवायचं. नाव आधी सांगितलं की पोरं लगेच व्याख्या म्हणायला लागतात आणि बघणं बंद होतं.

सुरुवात अंथरुणातच करायची. उठल्या उठल्या, पाय खाली टेकायच्या आधी नाडी मोजायला लावा. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी तर्जनी आणि मधलं बोट ठेवायचं, अंगठा ठेवायचा नाही कारण अंगठ्याला स्वतःची नाडी जाणवते आणि मग कोणाची मोजतोय तेच कळत नाही. तीस सेकंद मोजून दुप्पट करा. हिची आली ७४, माझी ६८. मोठ्या माणसाची आराम करताना साधारण ६० ते १०० च्या मध्ये असते.

श्वास मोजायची गंमत वेगळी आहे, तो सांगून मोजता येत नाही. "आता तुझा श्वास मोजतो" म्हटलं की समोरचा लगेच शहाण्यासारखा लांब लांब श्वास घ्यायला लागतो. म्हणून मी नाडी मोजायचं नाटक करत तिचं मनगट धरून ठेवलं आणि हळूच पोटाकडे बघत श्वास मोजले, मिनिटाला १८. नंतर तिला सांगितलं तर चिडली, पण मुद्दा पक्का बसला. हृदय कितीही सांगा तुमच्या मनाने थांबत नाही, श्वास मात्र तुम्ही ठरवलं तर थोडा वेळ थांबतो, आणि विसरलात की आपोआप चालू. दोन्हीवर मेंदूच्या खालच्या भागाची, देठासारखा जो भाग असतो त्याची नजर असते, पण श्वासाचं स्टिअरिंग अधूनमधून आपल्याही हातात देतात.

मग बाथरूम. ईईई वगैरे होईल, होऊ द्या. सकाळच्या पहिल्या लघवीचा रंग बघून यायला सांगा आणि वहीत लिहायला लावा, गडद पिवळा. रात्रभर पाणी प्यायलं नाही, त्यामुळे मेंदूच्या खाली लटकलेल्या पिट्युटरी नावाच्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीतून एक हार्मोन रक्तात सुटतं, ते किडनीला सांगतं की पाणी जपून वापर. किडन्या दिवसभरात रक्तातून साधारण १८० लिटर पाणी गाळून काढतात आणि त्यातलं जवळपास सगळं परत रक्तात घेतात, बाहेर जातं ते फक्त दीडदोन लिटर. १८० लिटर म्हणजे आपल्या गच्चीवरच्या निळ्या पिंपापेक्षा थोडंसंच कमी. हे ऐकून ती दात घासायची थांबली होती.

आता घराबाहेर. आधी लेणी, मग मिसळ, हा क्रम उलटा करू नका. मागच्या वर्षी मित्रांबरोबर मी उलटा केला होता, तर्री दोनदा मागवून वर चढायला लागलो आणि निम्म्या वाटेत एका दगडावर बसून उलटी होते की काय असं झालं. जेवणानंतर पोटाला जास्त रक्त लागतं, चढताना पायांना जास्त लागतं, आणि दोघांची मागणी एकदम आली की पोटाचं बिनसतं. ही एक चूकच अर्धा धडा शिकवून जाते, पण ती तुम्ही करू नका, मी केलीये ना.

पांडवलेणी मुंबई-आग्रा हायवेला लागून आहेत, पायथ्याशी फाळके स्मारक, सकाळी सहा-साडेसहाला पोहोचलात तर गारवा असतो आणि रोज चढणारे काका-काकू भेटतात. दमा असेल, हृदयाचा काही त्रास असेल तर सावकाश चढा, रेस लावायची नाहीये. आम्ही पहिला टप्पा भरभर चढलो आणि थांबलो. नाडी १४२. श्वास मोजायची गरजच नव्हती, बोलताना दर दोन शब्दांना थांबत होती.

इथे प्रश्न विचारा, हे कोणी मागितलं? पहिलं उत्तर येतं, फुफ्फुसांनी. नाही. मागितलं पोटऱ्या आणि मांड्यांनी. स्नायूला आकुंचन पावायला ऊर्जा लागते, ती साखर आणि ऑक्सिजनमधून बनते, आणि बनताना कार्बन डायऑक्साइड तयार होतो. श्वास कोंडून धरल्यावर जी तगमग होते तीसुद्धा मुख्यतः ऑक्सिजन संपला म्हणून नसते, कार्बन डायऑक्साइड साचला म्हणून असते.

मग तिला बरगड्यांवर दोन्ही हात ठेवायला सांगितलं. फुफ्फुसांना स्वतःचे हलायचे स्नायू नाहीत, ती स्वतःहून फुगत नाहीत. खाली श्वासपटल नावाचा घुमटासारखा स्नायू आहे, तो सपाट होतो, बरगड्या वर-बाहेर जातात, आत जागा वाढते आणि हवा आपोआप आत येते. हवा आत आली म्हणून छाती फुगत नाही, छाती फुगली म्हणून हवा आत येते. हे वाक्य दोनदा म्हणायला लावा, मोठी माणसंही इथे चुकतात.

आत गेलेली हवा कुठे जाते हे नाशिकच्या पोराला सांगायला चित्र लागत नाही. द्राक्षाचा घड. मधला दांडा म्हणजे श्वासनली, तिला फांद्या, फांद्यांना डहाळ्या, आणि टोकाला मणी म्हणजे वायुकोश. फक्त आपल्या घडाला मणी शे-दीडशे असतील, दोन्ही फुफ्फुसांत मिळून ३० ते ५० कोटी, आणि मण्याची साल इतकी पातळ की पलीकडून जाणाऱ्या रक्तात ऑक्सिजन सरळ झिरपतो. हीच ती जागा जिथे तिचे दोन धडे एकमेकांना भेटतात. तिला म्हटलं, बघ, तुझा पुढच्या वीकचा धडा इथे सुरू झाला.

वर पोहोचल्यावर तिसऱ्या नंबरच्या लेण्याच्या ओसरीत टेकलो. आत गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाच्या आईने कोरून घेतलेला लेख आहे, तो दाखवायचा मोह मलाही झाला, पण आधी ड्रॉइंग पेपर काढला. पेपरची घट्ट सुरळी करायची, एक टोक माझ्या छातीवर, मध्यापेक्षा जरा डावीकडे, दुसरं तिच्या कानाला. फ्रान्समध्ये १८१६ साली रेने लेनेक नावाच्या डॉक्टरने नेमकं हेच केलं होतं, एका तरुण बाईच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला म्हणून कागदाची सुरळी केली, आणि आवाज नुसत्या कानापेक्षा स्पष्ट आला. त्यातूनच स्टेथोस्कोप निघाला. लेण्यात सकाळी शांतता असते त्यामुळे छान ऐकू येतं, लब-डब, लब-डब. हा आवाज हृदय धडकण्याचा नाही, आतल्या झडपा बंद होण्याचा आहे, दार आपटल्यासारखा. उजवी बाजू रक्त फुफ्फुसांकडे ढकलते, डावी बाजू सगळ्या शरीराकडे, म्हणजे एकाच भिंतीला लागून दोन पंप. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं आणि आराम करताना हृदय मिनिटाला साधारण तेवढंच ढकलतं, चढताना त्याच्या कितीतरी पट.

आणि आता जे सांगतो ते नक्की करा, मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग हाच. चढून आल्यावर माझ्या हाताच्या शिरा टरटरून फुगल्या होत्या. तिला म्हटलं, मनगटाच्या बाजूला ही शीर एका बोटाने दाब आणि दाबूनच ठेव. आता दुसऱ्या बोटाने तिथून कोपराच्या दिशेने शीर पुसत ने, एखादी छोटी गाठ लागेल तिच्या पुढे जा, आणि दुसरं बोट उचल. शीर मधल्या मध्ये रिकामीच राहिली, सपाट, वरून रक्त मागे आलंच नाही. मग खालचं बोट उचललं तर झर्रकन भरली. ती "अय्या!" म्हणून ओरडली, शेजारचे दोघं वळून बघायला लागले. शिरांमध्ये झडपा असतात, रक्ताला एकच दिशा, हृदयाकडे. विल्यम हार्वे नावाच्या इंग्लिश डॉक्टरने १६२८ साली रक्त शरीरात गोल फिरतं हे छापून सांगितलं तेव्हा हाच प्रयोग चित्रं काढून दाखवला होता. त्याआधी लोकांना शेकडो वर्षं वाटायचं की यकृत सतत नवीन रक्त बनवतं आणि शरीर ते वापरून संपवतं. चारशे वर्षं जुना प्रयोग, खर्च शून्य, तीन-चारदा करून घेतला हिने माझ्या हातावर, मग स्वतःच्या हातावर, तिथे शीरच सापडेना म्हणून परत माझ्या.

घामाचं फार काही बोलायला नको, वाऱ्याला उभं केलं की कळतं. घाम आला म्हणून गार वाटत नाही, तो वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो म्हणून वाटतं, त्यामुळे दमट हवेत मुंबईला जीव नकोसा होतो आणि आपल्याकडे नाही. चेहरा लाल होतो तेही त्याचसाठी, उष्णता बाहेर टाकायला रक्त कातडीजवळ आणलं जातं.

उतरताना पाय लटलट कापतात, तेव्हा हाडं आणि स्नायू घ्या. स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही, म्हणून जोड्या असतात, एक वाकवणारा एक सरळ करणारा. दंडावर हात ठेवून कोपर वाकवलं की कळतं. मोठ्या माणसात हाडं २०६, तान्ह्या बाळात याहून बरीच जास्त, वाढताना काही एकमेकांत जुळून जातात. आणि हाडं म्हणजे नुसते खांब नव्हेत, काही हाडांच्या मगजात लाल रक्तपेशी बनतात, एकेक पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणजे मघाशी ऑक्सिजन उचलणाऱ्या हमालांची भरती इथे चालते.

हे सांगत असतानाच मॅडम शेवटच्या पायऱ्यांवर घसरल्या आणि गुडघा खरचटला. रडली नाही, वही काढली. पाण्याने धुतलं, दोन-चार मिनिटांत रक्त थांबलं, कारण रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, तिथे गोळा होतात आणि धाग्यांची जाळी विणली जाते. नंतर आजूबाजूला लालसर, गरम, जरा सुजल्यासारखं झालं, ते बिघडलं म्हणून नाही, पांढऱ्या पेशींना तिथे पोहोचता यावं म्हणून रक्तवाहिन्या रुंद होतात. हा रोगप्रतिकारक संस्थेचा धडा मी प्लॅनमध्ये घेतला नव्हता, फुकट मिळाला. तुम्ही मात्र त्यासाठी पोराला पाडू नका.

आता मिसळ. कुठे खायची यावर नाशकात भांडणं होतात म्हणून नाव घेत नाही, झाडाखाली टेबलं असलेली कुठलीही घ्या. ऑर्डर यायला वेळ लागतो त्या वेळात पट्टी काढा. मी पट्टी वरून धरली, शून्याची बाजू तिच्या उघड्या चिमटीच्या मध्ये, आणि न सांगता सोडली. तिने पकडली २० सेंटीमीटरवर. २० सेंटीमीटर पडायला ०.२ सेकंद लागतात, तेवढ्यात डोळ्याने बघितलं, मेंदूने ठरवलं, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून निरोप खाली आला आणि बोटं मिटली. माझं आलं २६, वय झालं. मग मोबाईलवर बोलत बोलत पकडायचा प्रयत्न केला तर पट्टी पार खालीच. गाडी चालवताना फोन का नको यावर वेगळं लेक्चर द्यावं लागलं नाही.

तेवढ्यात रश्श्याची किटली आली आणि हिने हात लावून झटकन मागे घेतला. विचारलं, आधी काय झालं, भाजलं की हात मागे आला? विचार करून म्हणाली, हात आधी. बरोबर, कारण इथला निर्णय मज्जारज्जूच परस्पर घेते, मेंदूला बातमी जरा उशिरा पोहोचते. घरी कांदा चिरताना डोळ्यात पाणी येतं तेही विचारून येत नाही.

पहिला घास मिसळीचा घ्यायचा नाही, नुसत्या पावाचा. एक-दोन मिनिटं चावत राहायचं, गिळायचं नाही. हळूहळू गोडसर लागायला लागतो. लाळेतला एन्झाइम पावातल्या स्टार्चचे तुकडे करून साखर बनवतोय, म्हणजे पचन पोटात नाही, दातांपाशी सुरू झालं.

मग तर्री. मिरचीत चव म्हणून तिखट असं काही नसतंच. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या त्याच टोकांना चिकटतं ज्यांचं काम खऱ्या उष्णतेची बातमी देणं आहे, त्यामुळे मेंदूला वाटतं तोंड भाजलं आणि तो गार करायला निघतो, घाम, नाक, डोळे सगळं वाहायला लागतं. पाण्याने ते जात नाही कारण कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, दह्याने जातं. आपल्याकडे मिसळीबरोबर दही देतात ते काही उगाच नाही भो.

खाताना एवढं सगळं बोलू नका हेही सांगतो, कारण मला जोराचा ठसका लागला. घशात दोन रस्ते आहेत, पुढचा हवेचा, मागचा अन्नाचा, आणि गिळताना हवेच्या रस्त्यावर झाकण पडतं. गिळता गिळता बोललात की घास चुकीच्या रस्त्याला जायला बघतो आणि खोकून बाहेर फेकावा लागतो. भाचीने माझी पाठ थोपटली आणि वहीत लिहिलं, मामा, झाकण उघडं.

पुढचं दिसत नाही त्यामुळे सांगावं लागतं, पण थोडक्यात. अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटर, ती अन्न नुसतं खाली पडू देत नाही, पिळत पिळत ढकलते, उलटं टांगलं तरी घास पोटात जाईल. जठरात आम्ल आणि घुसळण, तर्रीसारखं तेलकट असेल तर मुक्काम जास्त, म्हणून मिसळ खाल्ली की दुपारी भूक लागत नाही. खरं काम लहान आतड्यात, साधारण ६ मीटर लांब, आणि आतून मऊ टॉवेलसारखं, बारीक बारीक दशा, अन्न शोषायला जागा वाढावी म्हणून.

तेलाचं काय होतं ते बेसिनपाशी दाखवा. हाताला तर्री लागलीये, नुसत्या पाण्याने धुवा, जात नाही. साबण लावा, तेलाचे बारीक थेंब होऊन निघून जातं. यकृत जे पित्त बनवतं ते आतड्यात हेच करतं, तेल फोडून बारीक करतं म्हणजे एन्झाइमना ते पकडता येतं. शोषलेली साखर वगैरे आधी यकृताकडेच जाते, जकात नाक्यासारखी, तिथून पुढे बाकी शरीरात. वर जिलेबी खाल्ली तर रक्तातली साखर वाढते आणि स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, ते पेशींना साखर आत घ्यायला सांगतं. मग ती साखर घेऊन रक्त कुठे जातं? पोटऱ्यांकडे. ज्यांनी सकाळी सगळा गोंधळ सुरू केला होता. इथे ती स्वतःच म्हणाली, "म्हणजे आपण जिथून निघालो तिथेच आलो."

गाडीत परत येताना प्रजनन संस्थेचं विचारलं तिने, कारण शाळेत तो भाग घाईघाईत उरकलेला. मामा म्हणून मला जरा अवघड गेलं, खोटं कशाला बोलू, पण कुजबुजून सांगण्यापेक्षा सरळ सांगितलं. बाकीच्या संस्था माणसाला जिवंत ठेवतात, ही एकच संस्था पुढचा माणूस तयार करायला आहे. सकाळी किडनीवाल्या हार्मोनमध्ये जी पिट्युटरी भेटली तीच इथेही निरोप पाठवते, गर्भाशय दर महिन्याला आतून अस्तर तयार करतं, गर्भ राहिला नाही तर ते बाहेर पडतं, तीच पाळी. त्यात घाण काही नाही. उरलेलं आईशी बोल म्हटलं आणि ताईला फोन करून सांगून ठेवलं.

घरी आल्यावर त्याच ड्रॉइंग पेपरवर, सुरळी उलगडून, मधे तिला स्वतःला काढायला सांगितलं आणि सकाळपासून जे जे झालं त्याचे बाण. बाण कुठूनही कुठेही जाऊ द्या, पेपर घाण झाला तरी चालेल. आमच्या पेपरवर पोटरीपासून फुफ्फुसाला, हाडापासून रक्ताला, आतड्यापासून यकृताला, मेंदूपासून किडनीला असे इतके बाण झाले की ताई म्हणाली हा नाशिकच्या गजबजलेल्या द्वारका सर्कलचा नकाशा काढलाय का. संस्थांची नावं सगळ्यात शेवटी, पेन्सिलने, कडेला.

सोमवारी सकाळी तिचा मेसेज आला. नाडी ७२, पोटऱ्या ठणकतायत, गुडघ्याला खपली धरली. आणि खाली एक प्रश्न, रात्रभर गॅस झालाय, मटकीतलं जे आपल्याला पचत नाही ते मोठ्या आतड्यात बॅक्टेरिया खातात आणि गॅस सोडतात असं तू म्हणालास, पण बॅक्टेरिया तर आपले अवयव नाहीत, मग हे कुठल्या संस्थेत लिहू?

मी म्हटलं समासात लिही.